रोहिणीची बंडी आणि वाकलेला उजेड

मे महिन्याच्या शेवटी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात घरात झोपणं शक्य नसतं. अंगणात सडा टाकायचा, बाजा ओळीनं मांडायच्या आणि वारा सुटेल तेव्हा सुटेल म्हणत आभाळाकडं पाहत पडायचं. भावाकडं गावी गेलो होतो. एका बाजूला पुतण्या, नुकतीच अकरावी सायन्सची परीक्षा दिलेला. दुसऱ्या बाजूला शेजारचे आबाजी. वय ऐंशीच्या घरात, पण पेरणीचा हिशेब अजून नक्षत्रावरच.

"रोयनी लागून चार दिवस झाले," आबाजी म्हणाले. "आता मिरग."

पुतण्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. "काकाजी, गुरुत्वाकर्षण म्हटलं का पुस्तकात न्यूटन हाय, मंग एकदम आइन्स्टाइन. मधात कोणी काही सांगतलंच नसन काय? त्या थिअऱ्या कुठं गेल्या?"

प्रश्न मला फार आवडला. पुस्तकात फक्त जिंकलेला सिद्धान्त राहतो. हरलेले कुठं पडले आणि कशानं पडले हे कळल्याशिवाय जिंकलेल्याची ताकद समजत नाही, असं मला मनापासून वाटतं. त्या रात्री त्याला जे सांगितलं तेच इथं जरा नीट मांडतो.

सुरुवात न्यूटनच्याही आधीची. फ्रान्सच्या देकार्तनं १६४४ साली मांडलं की सगळं अवकाश एका सूक्ष्म द्रव्यानं भरलेलं आहे आणि सूर्याभोवती त्याचा प्रचंड भोवरा फिरतो. पुरात नदीच्या भोवऱ्यात काडी फिरावी तसे ग्रह त्यात फिरतात. चित्र मनात बसतं, पण धूमकेतू त्यात बसत नाहीत. ते आडवेतिडवे, काही तर ग्रहांच्या उलट दिशेनं भोवऱ्यातून सरळ पार होतात. न्यूटनच्या गणितानं त्यांच्या वाटाही बरोबर सांगितल्या आणि भोवरा मागं पडला.

पण न्यूटननं किती ओढ हे सांगितलं, ओढ का हे सांगितलं नाही. ती जागा भरायला जी कल्पना आली ती मला आजही मोहात पाडते. १६९० मध्ये फातियो नावाच्या तरुणानं आणि पुढं अठराव्या शतकात जिनिव्हाच्या ल साजनं ती मांडली. त्यांचं म्हणणं असं की ओढ नावाची गोष्टच नाही, आहे तो फक्त ढकला. अवकाशात सगळ्या दिशांनी अतिसूक्ष्म कण सुसाट धावत असतात. एकटी वस्तू असेल तर चहूबाजूंनी सारखाच मार, म्हणून ती जागची हलत नाही. पण दोन वस्तू शेजारी आल्या की एक दुसरीला आडोसा देते. आतल्या बाजूनं मार कमी, बाहेरून पूर्ण, म्हणून दोघी एकमेकींकडं ढकलल्या जातात. अंतर दुप्पट झालं की आडोसा चौथाई होतो, म्हणजे न्यूटनचा नियम आपोआप हाती येतो.

मग ही कल्पना का सोडली? पुतण्याला विचारलं, "पावसात तू मोटारसायकल चालवतोस. पाणी कुठं लागतं?" तो म्हणाला, "छातीवर. पाठ कोरडीच राहते."

झालं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं धावते. कणांचा पाऊस खरा असता तर तिला समोरून जास्त मार बसला असता, वेग कमी होत गेला असता आणि ती फिरत फिरत सूर्यात पडली असती. ते टाळायला कणांचा वेग अफाट धरावा लागतो. तसा धरला की दुसरी अडचण येते. इतक्या वेगाचे कण अडवताना जी उष्णता तयार होईल तिनं पृथ्वी कधीच वितळून गेली असती. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं १८७५ च्या सुमारास हीच हरकत घेतली, पुढं फ्रेंच गणितज्ञ प्वाँकारेनं हिशेब करून ती पक्की केली. असा देखणा विचार सोडून देताना त्या लोकांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

तोवर न्यूटनच्या हिशेबातच एक खडा सापडला होता. बुध ग्रहाची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच हळूहळू वळत जाते. बाकी सगळ्या ग्रहांची ओढ धरूनही शतकाला ४३ विकला उरतात. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला, म्हणजे विकला हा अंशाचा ३६०० वा भाग. एवढ्याशा फरकासाठी माणसं पन्नास-साठ वर्षं झटली. युरेनसच्या चालीतल्या अशाच फरकावरून नेपच्यून शोधणाऱ्या ल वेरिएनं १८५९ साली बुधाचा घोळ जाहीर केला. लवकरच त्यानं बुधाच्याही आत एक ग्रह मानला, त्याला व्हल्कन असं नावही मिळालं. ग्रहणामागून ग्रहणं शोध झाला, व्हल्कन काही दिसला नाही. १८९४ मध्ये अमेरिकेच्या असाफ हॉलनं वेगळीच युक्ती काढली. ओढ अंतराच्या वर्गानं कमी होते ना, मग वर्गातला घात २ ऐवजी २.००००००१६ धरा! बुध बरोबर बसला, पण चंद्राची चाल त्या आकड्यात बसेना. तोही गेला.

आता उजेडाकडं येतो, कारण खरी परीक्षा तिथं झाली.

उजेड वाकतो का, हा प्रश्न न्यूटननं १७०४ च्या आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथात विचारून ठेवला होता. उत्तराचं गणित छापलं ते योहान फॉन सोल्डनरनं. जर्मनीतल्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा. उजेडाचा कण फेकलेल्या दगडासारखा मानला तर सूर्याला घासून जाताना तो किती वळेल, हे त्यानं काढलं: ०.८४ विकला. लेख १८०४ मध्ये छापून आला. फरक इतका बारीक की सध्या त्याची काळजी नको, असं त्यानं स्वतःच लिहिलं आणि लोक शंभर वर्षं तो लेख विसरून गेले.

१९११ साली आइन्स्टाइन प्रागमध्ये होता. तो दुसऱ्या वाटेनं निघाला आणि जवळजवळ त्याच आकड्यावर पोचला, ०.८३. ही वाट समजवायला मी आबाजींना हाताशी धरलं.

"आबाजी, बंडी चालली आहे. डावं चाक गाऱ्यात गेलं, उजवं कोरड्यावर. बंडी कुठं वळते?"

"डावीकडंच वळन ना. फसलेलं चाक मांगं राह्यते, दुसरं पुढं जाते."

उजेडाची लाट म्हणजे ही बंडी. तिची एक बाजू सूर्याजवळून जाते, दुसरी जरा लांबून. सूर्याजवळ घड्याळं हळू चालतात, वेळच सावकाश सरते. जवळ जाऊन मोजलं तर उजेडाचा वेग नेहमीचाच भरतो, पण लांबून पाहणाऱ्याला ती बाजू मागं पडलेली दिसते. म्हणजे सूर्याकडचं चाक गाऱ्यात. बंडी सूर्याकडं वळते. आइन्स्टाइनचा १९११ चा सगळा हिशेब एवढ्या गाऱ्याचाच होता.

हा आकडा तपासायला खग्रास ग्रहण लागतं, नाहीतर सूर्याशेजारचे तारे दिसणार कसे? २१ ऑगस्ट १९१४ च्या ग्रहणासाठी फ्रॉइंडलिश नावाचा तरुण जर्मन खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन रशियाच्या क्रिमियात गेला. १ ऑगस्टला जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. तो पकडला गेला, यंत्रं जप्त झाली. दोन वर्षांपूर्वी ब्राझीलमधलं ग्रहण पावसात वाहून गेलं होतं. तेव्हा सगळे हळहळले. पण १९१४ चा फोटो नीट निघाला असता तर आइन्स्टाइनचा आकडा चुकीचा ठरला असता आणि ते योग्यच झालं असतं, कारण तो हिशेब अर्धा होता.

त्याच काळात फिनलंडचा गुन्नार नॉर्डस्ट्रॉम आपला सिद्धान्त घेऊन उभा होता. १९१२-१३ मध्ये मांडलेला हा सिद्धान्त आइन्स्टाइनच्या त्या वेळच्या अर्धवट कामापेक्षा सरळ आणि नेटका होता. आइन्स्टाइन स्वतः तो फार गंभीरपणे घेत होता. त्यातही सूर्याजवळ वेळ हळू चालते. पण त्याबरोबर अंतरंही नेमकी तितक्याच प्रमाणात आखडतात. बंडीच्या भाषेत सांगायचं तर सूर्याकडच्या चाकाला गारा आहे खरा, पण त्याची वाटही तेवढीच तोकडी आहे. दोन्ही चाकं बरोबरीनं पुढं येतात, बंडी सरळ जाते. उजेड वाकतच नाही, उत्तर शून्य.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षणावरचं काम पुरं झालं. त्यात सूर्याजवळ वेळ हळू आहेच, शिवाय अंतर आखडण्याऐवजी ताणलं गेलेलं आहे. गाराही आहे आणि वाटही लांब आहे. चाक दोन्ही कारणांनी मागं पडतं आणि दोन्ही कारणांचा वाटा सारखा निघतो. म्हणून वाकणं दुप्पट, साधारण १.७५ विकला. मोबाईलवर ताणलेल्या चादरीत गोळा ठेवून दाखवतात ते चित्र मला पुरेसं वाटत नाही ते यासाठी. त्या चादरीत वेळ कुठंच नसते आणि उजेडाचं अर्धं वळण तर वेळेमुळंच आहे.

बुधाच्या ४३ विकला या गणितातून आपसूक निघाल्या. नॉर्डस्ट्रॉमच्या सिद्धान्तात बुधाची कक्षा उलट दिशेला सरकत होती.

तर १९१५ च्या शेवटी उजेडापुढं तीन आकडे होते. शून्य, पाऊण विकलेहून जरा जास्त आणि पावणेदोन विकला. पावणेदोन विकला म्हणजे केवढं? दहा रुपयांचं नाणं तीन किलोमीटरवर उभं धरलं तर ते जेवढं दिसेल, किंवा खरं तर दिसणार नाही, तेवढं. आमच्या गावापासून फाटा साधारण तेवढाच आहे. सगळं भांडण हे की नाणं फाट्यावर आहे, की त्याच्या दुप्पट लांब, की नाहीच.

ज्या ग्रहणानं हे ठरवलं त्याची तारीख २९ मे १९१९. ही तारीख सांगितली तशी आबाजी बाजेवर उठून बसले.

"म्हंजे रोयनीतच!"

अगदी रोहिणीतच. सूर्य त्या दिवशी रोहिणी नक्षत्रात होता आणि ग्रहणाच्या अंधारात ज्या ताऱ्यांचे फोटो काढले ते रोहिणीजवळच्याच पुंजक्यातले होते. हा पुंजका इंग्रजी व्हीसारखा दिसतो. आपल्या जुन्या ज्योतिषात त्याला रोहिणीचा शकट म्हणतात. शकट म्हणजे गाडा, आमची बंडी. सूर्याशेजारी इतके ठळक तारे दाटीनं असणं ही ग्रहणासाठी मोठीच सोय होती.

एक तुकडी आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेली, तिथं इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन होता. दुसरी ब्राझीलमधल्या सोब्रालला. सूर्य झाकला गेला तो पाच मिनिटांच्या आसपास. प्रिन्सिपेला ढग आडवे आले, बऱ्याच काचांवर तारेच उमटले नाहीत. काचा म्हणतोय कारण तेव्हा फोटो काचेच्या पाट्यांवर काढत. ताऱ्याची जागा त्या काचेवर सरकणार ती मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागाइतकी.

सरकली हे कळायला दुसरा फोटो लागतो, तेच तारे पण शेजारी सूर्य नसताना. पुतण्या म्हणाला, "दुसऱ्याच दिवशी रात्री काढायचा ना." आबाजींनी त्याला थांबवलं. "अरे, रोयनीत सूर्य असला का रोयनी रात्री दिसतेच कुठं? मिरग सरल्यावर पाहाटे दिसाले लागते." सोब्रालची माणसं नेमकी यासाठी थांबून राहिली आणि जुलैमध्ये पहाटेच्या अंधारात त्यांनी दुसरे फोटो घेतले.

सोब्रालच्या लहान दुर्बिणीनं आकडा दिला १.९८. प्रिन्सिपेनं १.६१. पण सोब्रालच्या दुसऱ्या, मोठ्या दुर्बिणीनं ०.९३ दिला, म्हणजे जुन्या अर्ध्या हिशेबाच्या जवळ! त्या काचांवरचे तारे पसरट आले होते. उन्हानं तापून दुर्बिणीचा फोकस बिघडला, असं म्हणून तो आकडा बाजूला ठेवण्यात आला. नको असलेलं उत्तर टाकलं का? ही शंका पुढं अनेकांनी घेतली आणि घ्यायलाच हवी होती. १९७९ मध्ये त्याच काचा नव्या यंत्रावर पुन्हा मोजल्या तेव्हा त्या बिघडलेल्या दुर्बिणीच्या काचांनीही १.५५ च्या आसपास आकडा दिला. ६ नोव्हेंबर १९१९ ला लंडनमध्ये निकाल जाहीर झाला, नॉर्डस्ट्रॉमचं शून्य संपलं आणि १९११ चा अर्धा आकडाही संपला.

नॉर्डस्ट्रॉमबद्दल एक सांगायलाच हवं. तो रुसून बसला नाही. आइन्स्टाइनचा सिद्धान्त त्यानं आधीच मान्य केला होता आणि १९१८ मध्ये विद्युतभारित गोलाभोवतीचं अवकाश कसं असेल याचं उत्तर त्याच सिद्धान्तातून काढलं होतं. कृष्णविवरांच्या अभ्यासात ते आजही त्याच्या नावानं शिकवतात. १९२३ मध्ये, जेमतेम ४२ व्या वर्षी तो गेला.

आमच्या भागाशी याचा एक धागा आहे, तो सांगताना मला दर वेळी भरून येतं. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून शिरून विदर्भावरून गेली. आमच्या पुलगावात न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी तळ ठोकून सूर्याच्या कडेच्या उजेडाचा वर्णपट टिपला. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता. त्या दिवशी आइन्स्टाइन अठरा वर्षांचा, झुरिकमध्ये शिकणारा पोरगा. सूर्याजवळ उजेड किती वाकतो हे मोजावं, हे पुलगावात कुणाच्या मनात असायचं कारणच नव्हतं. पण जेऊरच्या त्याच कॅम्पबेलला पुढं या प्रश्नानं पछाडलं. १९१४ मध्ये तो रशियात गेला तर ढग आले. अखेर १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉलाल इथं त्याला स्वच्छ आभाळ मिळालं. आकडा आला १.७२.

एवढ्यावर पर्यायी सिद्धान्त थांबले असं नाही. व्हाइटहेड या तत्त्वज्ञ गणितज्ञानं १९२२ मध्ये वेगळा सिद्धान्त दिला. त्यात बुधही बरोबर, उजेडही बरोबर. तो पडला थेट १९७१ मध्ये. समुद्रासारखी घन जमिनीलाही बारीक भरती येते. त्याचा सिद्धान्त खरा असता तर आपल्या आकाशगंगेमुळं तीत आणखी एक चढउतार दिसला असता. यंत्रांना तो सापडला नाही.

१९६१ च्या ब्रान्स आणि डिकी यांच्या सिद्धान्तात तर एक घुंडीच होती. ती फिरवून वाकणं आइन्स्टाइनपेक्षा थोडं किंवा फार थोडं कमी करता येई. असा सिद्धान्त एका घावात मरत नाही. तो कोपऱ्यात रेटत न्यावा लागतो. शनीकडं निघालेल्या कॅसिनी यानाचे रेडिओ संदेश २००२ मध्ये सूर्याजवळून आले तेव्हा त्यांच्यावरचा परिणाम मोजला गेला. आइन्स्टाइनच्या आकड्यात लाखात दोन-चार भागांइतकीच शंका उरली. घुंडीला फिरायला आता जागाच नाही.

पर्याय मांडणाऱ्यांत एक मराठी माणूसही होता, हे पुतण्याला ठाऊक नव्हतं. कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९६४ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. वस्तूचं वस्तुमान तिच्या एकटीचं नसतं, विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंच्या असण्यामुळं ते तिला मिळतं, हे त्याचं गाभ्याचं म्हणणं. सूर्यमालेत त्याची उत्तरं आइन्स्टाइनसारखीच येतात, म्हणून ग्रहणानं त्याला धक्का लागत नाही. पण त्याच्याशी जोडलेलं, विश्वाला सुरुवातच नाही असं सांगणारं स्थिर विश्वाचं चित्र, १९६५ मध्ये सगळ्या आभाळातून येणारे, तापलेल्या सुरुवातीचे सूक्ष्मलहरींचे अवशेष सापडल्यावर, बहुतेकांनी सोडलं. नारळीकरांनी शेवटपर्यंत पर्यायांचा विचार सोडला नाही. २०२५ च्या मे महिन्यात ते पुण्यात गेले. बहुतेकांनी मानलेलं उत्तर त्यांना पटलं नाही म्हणून ते कमी ठरत नाहीत. आपला पर्याय गणितात मांडून त्यांनी तो तपासणीला खुला ठेवला, याचा मला अभिमान वाटतो.

आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा वेगानं फिरतात. तिथं न दिसणारं द्रव्य मानायचं की नियमच बदलायचा? १९८३ मध्ये मिलग्रोमनं नियम बदलून पाहिला. तो वाद अजून चालू आहे. पण १७ ऑगस्ट २०१७ ला अशा बदललेल्या नियमांपैकी कितीतरी एका फटक्यात गेले. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे आदळले. त्या धडकेच्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, आणि गॅमा किरण पृथ्वीवर पोचले ते अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकानं. ज्या ज्या सिद्धान्तात गुरुत्वलहरींचा वेग उजेडापेक्षा वेगळा होता, ते सगळे तिथंच संपले. तेव्हा त्या लहरी टिपणारी यंत्रं अमेरिकेत आणि इटलीत होती. तसंच चार-चार किलोमीटर भुजांचं यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ठरलं आहे. वाशीम आणि यवतमाळच्या शिवेला लागून असलेला तो जिल्हा.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकाजी, आपल्याले मोजता येईन काय? आपल्या दुर्बिणीनं?"

येतं. २०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात डोनाल्ड ब्रन्स नावाच्या माणसानं डोंगरावर, हौशी लोक वापरतात तशा छोट्या दुर्बिणीनं आणि डिजिटल कॅमेऱ्यानं हे मोजलं. १.७५ च आलं, तीन टक्क्यांच्या आत. आपल्याकडं पुढचं खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ ला, काश्मीर-लडाखच्या बाजूला.

"तवा सूर्य कोन्या नक्षत्रात राहीन?" आबाजींनी विचारलं.

मी बोटांवर मोजून सांगितलं, उत्तराभाद्रपदा.

"तिथं रोयनीवानी तारे नाईत," ते म्हणाले. पुतण्यानं मोबाईल उघडला आणि त्या दिवशी सूर्याच्या शेजारी किती मंद तारे येतात ते मोजायला लागला.